वाढीव वॉरंटी : घ्यावी की राहू द्यावी?

नव्या गाडीच्या किमतीचा कागद शोरूममध्ये हाती पडला, की आपली नजर सगळ्यात आधी तळाच्या आकड्यावर जाते. मधल्या ओळी फारसे कुणी वाचत नाही. एक्स-शोरूम किंमत, रस्ता कर आणि नोंदणी, विमा, फास्टॅग, सीट कव्हर, मॅटिंग, आणि यांच्यातच कुठेतरी एक ओळ असते : 'एक्स्टेंडेड वॉरंटी'. छोट्या गाडीला दहा-पंधरा हजार, मोठ्या गाडीला पंचवीस-तीस हजार किंवा त्याहून जास्त. आठ लाखांच्या गाडीत पंधरा हजारांचे काय एवढे, असे वाटते आणि सही होऊन जाते. तेच पंधरा हजार घरातल्या दुसऱ्या एखाद्या वस्तूसाठी कुणी मागितले असते, तर आपण चार जणांना विचारले असते.

आजचे हे बोलणे त्या एका ओळीबद्दल आहे. ग्राहक चळवळीच्या थोड्याफार कामामुळे अचलपूर-परतवाड्यातले अनेक लोक गाडीचे कागद घेऊन माझ्याकडे येतात. कुणी नवा संसार मांडलेला शिक्षक असतो, कुणी संत्र्याचा बगीचा बऱ्या भावात गेला म्हणून पहिली गाडी घेणारा शेतकरी. प्रश्न एकच असतो, "काका, हे घेऊ का नोको?" काहींना वाटते, ही शुद्ध लूट आहे. काहींना वाटते, घेतली म्हणजे पाच-सहा वर्षे गाडीवर एक पैसा खर्च होणार नाही. दोन्ही समज चुकीचे आहेत. उत्तर गाडीवर जेवढे अवलंबून असते, त्याहून जास्त ते आपल्या वापरावर, आपल्या गावावर आणि आपल्या खिशावर अवलंबून असते.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपण बोलताना गॅरंटी, वॉरंटी, विमा आणि सर्व्हिसिंगचे पॅकेज हे सगळे एकाच माळेत ओवतो. गाडीचा विमा हा अपघात, चोरी, आग, पूर अशा बाहेरून येणाऱ्या संकटांसाठी असतो. गाडी झाडावर आदळली तर विमा कामाला येतो, वॉरंटी नाही. वॉरंटी ही गाडीच्या आतल्या दोषासाठी असते. नीट वापरूनही एखादा भाग त्याच्या बनावटीतल्या किंवा मालातल्या दोषामुळे निकामी झाला, तर कंपनी तो दुरुस्त करून किंवा बदलून देते. सर्व्हिसिंगचे पॅकेज, ज्याला एएमसी म्हणतात, ते ऑइल, फिल्टर आणि मजुरीचा नेहमीचा खर्च आगाऊ भरण्याचा प्रकार आहे. आणि एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणजे मूळ वॉरंटी संपल्यावर पुढची काही वर्षे तीच हमी, पण बहुधा थोड्या आखडत्या हाताने, पैसे घेऊन दिलेली. मूळ वॉरंटी गाडीच्या किमतीत येते. वाढीव वॉरंटी आपण वेगळी विकत घेतो. स्वभावाने ती विमाच आहे, आणि विम्याला जो न्याय लावतो तोच तिला लावला पाहिजे.

आता मुदतीकडे वळू. वॉरंटी नेहमी दोन आकड्यांत सांगितली जाते, वर्षे आणि किलोमीटर. आणि त्यापुढे बारीक अक्षरांत लिहिलेले असते, 'जे आधी पूर्ण होईल ते'. सगळी गंमत या पाच शब्दांत आहे. एक उदाहरण घेऊ. मारुती सुझुकीची मूळ वॉरंटी पूर्वी २ वर्षे किंवा ४०,००० किलोमीटर होती. जुलै २०२४ मध्ये कंपनीने ती ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटर केली, आणि पैसे भरून ती ६ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत वाढवण्याची सोय ठेवली. इतर कंपन्यांचे आकडे थोडे इकडेतिकडे असतात, पण ठेवण हीच.

हे आकडे आपल्या गावात आणून पाहू. अचलपूर ते अमरावती अंतर सुमारे ५० किलोमीटर. समजा, एक गृहस्थ नोकरीसाठी रोज गाडीने अमरावतीला जाऊन-येऊन करतात. दिवसाला १०० किलोमीटर, वर्षाचे कामाचे दिवस ३०० धरले तर वर्षाला ३०,००० किलोमीटर. तीन वर्षांत ९०,००० होतात, म्हणजे मूळ वॉरंटीचा त्यांना जवळजवळ पूर्ण उपयोग झाला. पुढे वाढीव वॉरंटी सहा वर्षांची घेतली, तर १ लाख ६० हजारांचा आकडा पाच वर्षे चार महिन्यांतच गाठला जातो. सहाव्या वर्षाचे पैसे भरले, पण त्यातले आठ महिने हमी नाहीच. या गृहस्थांनी पाच वर्षांचीच घ्यावी हे साधे गणित सांगते, आणि विकणारा ते आपणहून सांगेल याची खात्री नाही.

दुसरे उदाहरण परतवाड्यातल्या एखाद्या निवृत्त जोडप्याचे घ्या. बाजार, दवाखाना, महिन्याकाठी एखादी अकोल्याची फेरी, उन्हाळ्यात चिखलदरा. वर्षाला फार तर ६,००० किलोमीटर. सहा वर्षांत त्यांची गाडी ३६,००० चालेल. इंजिन आणि गिअरबॉक्स एवढ्यात क्वचितच दगा देतात. अशा कमी चालणाऱ्या गाडीत वयामुळे जे बिघडते, म्हणजे बॅटरी उतरणे, रबराचे भाग कडक होणे, टायरला भेगा पडणे, त्यातले जवळजवळ काहीच वॉरंटीत बसत नाही. एसीचा गॅस गळाला, तर दोष नेमका कोणत्या भागात आहे यावर ते ठरते. म्हणजे एकाच किमतीची हमी एकाला उपयोगी आणि दुसऱ्याला जवळजवळ निरुपयोगी.

यातूनच पुढचा प्रश्न निघतो. या हमीत बसते काय? साधारणपणे इंजिनाचे आतले भाग, गिअरबॉक्स, स्टिअरिंगची यंत्रणा, इंधनाचा पंप आणि इंजेक्टर, अल्टरनेटर, स्टार्टर मोटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि गाडीचा 'मेंदू' समजला जाणारा ईसीयू, अशा महागड्या वस्तू बसतात. आणि बसत नाही ते असे : क्लच प्लेट, ब्रेकचे पॅड, टायर, वायपर, बल्ब, फ्यूज, फिल्टर, ऑइल, बेल्ट आणि नळ्या. थोडक्यात, जे वापराने झिजते ते मालकाचे. बॅटरी आणि टायर यांची हमी बहुधा ते बनवणाऱ्या कंपन्यांची वेगळी असते.

आता आपल्या भागात गाड्यांचे काय बिघडते ते आठवा. घाटात अर्ध्या क्लचवर गाडी चढवण्याची सवय असेल, तर क्लच प्लेट लवकर जाते. ती हमीत नाही. बगीच्यात किंवा शेतातल्या शेडमध्ये गाडी उभी राहते, उंदीर बॉनेटखाली शिरतात आणि वायरी कुरतडतात. तेही हमीत नाही, कारण तो गाडीचा दोष नव्हे. पावसाळ्यात नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घातली आणि इंजिनात पाणी गेले, तर वॉरंटी हात वर करते. साधा विमासुद्धा अशा वेळी इंजिनाचा खर्च बहुधा नाकारतो, त्यासाठी विम्यात 'इंजिन प्रोटेक्ट' हे जोडकलम घेतलेले असावे लागते. भेसळीच्या इंधनाने इंजेक्टर बिघडला, बाहेरून सीएनजी किट बसवून घेतली, मोठ्या आवाजाच्या म्युझिक सिस्टिमसाठी मूळ वायरिंग कापली, तर त्या बिघाडाचीही जबाबदारी कंपनी घेत नाही. हे सगळे वजा केल्यावर जे उरते, त्याचीच किंमत आपण मोजत असतो. ते उरलेले मोठे असते, पण ते क्वचित घडते.

माझ्याकडे आलेल्या कागदांमधली दोन प्रकरणे सांगतो. एका शिक्षकांच्या गाडीचा एसी कॉम्प्रेसर चौथ्या वर्षी, ऐन मे महिन्यात गेला. वाढीव वॉरंटी होती, सर्व्हिसिंग वेळेवर झालेली होती, भाग फुकट बदलून मिळाला. भरलेले पैसे एका फटक्यात वसूल झाले. दुसऱ्या एका शेतकऱ्याच्या गाडीचे वायरिंग जळाले. हमी त्यांच्याकडेही होती, पण त्यांनी चौकातून बसवून घेतलेल्या जादा दिव्यांकडे बोट दाखवून दावा नाकारला गेला. दोघांनी एकसारखीच हमी घेतली होती. एकाने तिच्या अटी वाचल्या होत्या, दुसऱ्यापर्यंत त्या कुणी पोहोचवल्याच नव्हत्या. सही घेताना अटींची पुस्तिका हातात द्यायची आणि ती वाचायला वेळ द्यायचा, एवढे साधे काम झाले असते तर त्या शेतकऱ्याला दिवे बसवण्याआधी विचार करता आला असता.

आता अंतराचा हिशेब. मोठ्या शहरातल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही, आपल्याला पडतो. वॉरंटीचे काम अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच होते. आपल्या गाडीच्या कंपनीचे केंद्र परतवाड्यात असेल तर उत्तम. नसेल तर अमरावती गाठावी लागते. जाऊन-येऊन १०० किलोमीटर, म्हणजे सहा-सात लिटर पेट्रोल आणि एक दिवस. गाडी तिथे ठेवावी लागली, तर परतीची एसटी आणि दोन दिवसांनी पुन्हा तीच यातायात. शकुंतला आता बंद आहे, आणि ती सुरू असती तरी मूर्तिजापूरला नेऊन सोडणारी ती छोटी गाडी या कामी आली नसती. गाडी सेमाडोहच्या रस्त्यावर बंद पडली, तर ती अमरावतीपर्यंत ओढून नेण्याचा खर्च हमीत आहे की नाही, हे वेगळे विचारावे लागते. या सगळ्याचा अर्थ असा, की हजार-दोन हजारांच्या बिघाडासाठी आपण अमरावतीला जाणारच नाही, इथल्याच मेकॅनिककडून काम करून घेऊ. म्हणजे लहान बिघाडांसाठी हमी असून नसल्यासारखी. केंद्र जितके दूर, तितकी हमीची खरी किंमत कमी. कागदावर मात्र परतवाड्याच्या आणि पुण्याच्या ग्राहकाला दर एकच.

आता दराच्या पोटात काय असते ते पाहू. कंपनीने किंवा तिच्या वतीने विमा कंपनीने दहा हजार गाड्यांना हमी विकली, तर त्यातल्या किती गाड्यांचे काय बिघडेल याचा अंदाज त्यांच्याकडे असतो. त्या दुरुस्त्यांचा खर्च, विकणाऱ्याचे कमिशन, कार्यालयाचा खर्च, कर आणि नफा हे सगळे मिळून आपला दर ठरतो. म्हणजे सगळ्या ग्राहकांना मिळून जेवढे परत मिळते, त्याहून सगळ्यांनी मिळून भरलेले पैसे जास्तच असणार. तसे नसते तर हा धंदा चाललाच नसता. अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक संस्थेच्या मासिकाने २०१४ मध्ये आपल्या वाचकांची पाहणी प्रसिद्ध केली होती. वाढीव हमी घेतलेल्यांपैकी ५५ टक्के लोकांनी ती दुरुस्तीसाठी एकदाही वापरली नव्हती. ज्यांनी वापरली, त्यांचेही सरासरीने वाचलेले पैसे भरलेल्या पैशांपेक्षा कमी होते. तिथले दर आणि इथले दर वेगळे आहेत, पण गणिताची रीत तीच.

यात आणखी एक गाठ आहे. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये त्यांना आणखी दोघांबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचे म्हणणे साधे होते : जुनी गाडी विकणाऱ्याला तिचे गुणदोष माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात, आणि या एका गोष्टीने सगळा बाजार बिघडतो. हमी हा त्यावरचा एक उपाय, कारण तिच्यामुळे धोका विकणाऱ्याच्या अंगावर जातो. वाढीव वॉरंटीत मात्र हे उलटे होते. इथे गाडी कशी वापरली जाणार हे घेणाऱ्याला ठाऊक असते, विकणाऱ्याला नसते. आपल्याला पीक विम्यावरून हे चटकन समजेल. समजा, विमा ऐच्छिक आहे आणि सगळ्यांना एकच दर आहे. सापन आणि बिच्छन नदीच्या काठावर, पुराच्या तोंडाशी ज्यांची शेते आहेत ते तो आधी घेतील. मग नुकसानभरपाई वाढेल, दर वाढेल, आणि उंचावर शेत असलेल्याला तो परवडेनासा होईल. गाडीचेही तसेच. भरपूर चालवणारे हमी आधी घेतात, दर त्यांच्या हिशेबाने ठरतो, आणि जपून, थोडे चालवणारा तोच दर भरून दुसऱ्याच्या दुरुस्तीला हातभार लावतो.

मग घ्यायचीच नाही का? तसे नव्हे. गाड्याही बदलल्या आहेत. अ‍ॅम्बॅसेडर आणि पद्मिनीच्या काळात गाडी वारंवार बिघडायची, पण पान्हा आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन कुठलाही मिस्त्री ती रस्त्याच्या कडेला सुरू करून द्यायचा. आजच्या गाडीत कार्ब्युरेटर नाही. संगणक आहे, सेन्सर आहेत, डिझेल गाडीत टर्बो आहे, आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांमुळे धूर स्वच्छ करणारी नाजूक यंत्रणा आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आता छोट्या गाड्यांतही आला आहे. या सगळ्याचा परिणाम असा झाला, की बिघाड कमी झाले, पण जो होतो तो महाग झाला. पूर्वी वर्षातून दहा वेळा पाचशे रुपये लागायचे. आता चार वर्षे काही लागत नाही, आणि पाचव्या वर्षी एकदम पन्नास हजारांचा कागद समोर येऊ शकतो.

विम्याचा न्याय इथेच लावायचा. जे नुकसान आपल्याला सहज पेलेल, त्याचा विमा काढू नये. जे नुकसान घराची घडी विस्कटेल, त्याचा काढावा, मग सरासरीने त्यात थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. ज्याच्या बँकेत अडीअडचणीला लाखभर रुपये बाजूला पडलेले असतात, त्याला पन्नास हजारांची दुरुस्ती नकोशी वाटेल, पण ती त्याला बुडवणार नाही. त्याने हमी न घेता स्वतःच स्वतःचा विमेदार व्हावे हे बरे. ज्याचा हप्ता, मुलांची फी आणि पेरणीचा खर्च यांतून महिन्याला काही उरत नाही, आणि गाडीवरच ज्याची नोकरी किंवा धंदा आहे, त्याच्यासाठी पंधरा हजार भरून तो मोठा फटका टाळणे शहाणपणाचे ठरू शकते. गाडी टर्बो डिझेल किंवा ऑटोमॅटिक असेल, चालणे वर्षाला पंधरा-वीस हजारांच्या वर असेल आणि सर्व्हिस सेंटर जवळ असेल, तर पारडे हमीकडे आणखी झुकते. साधी पेट्रोल गाडी, मॅन्युअल गिअर, थोडे चालणे आणि दूरचे केंद्र असेल, तर ते दुसरीकडे झुकते. विजेवर चालणाऱ्या गाडीत सगळ्यात महाग वस्तू बॅटरी, आणि तिला बहुतेक कंपन्या मुळातच ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात. तिथे वाढीव हमी नेमकी कशाची, हे आधी विचारावे.

स्वतःचा विमा स्वतः काढायचा म्हणजे काय, तेही सांगतो. गाडी घेतल्या महिन्यापासून पोस्टात पाच वर्षांची आवर्ती ठेव उघडायची आणि दरमहा ५०० रुपये टाकायचे. २०२४ मध्ये या ठेवीवर ६.७ टक्के व्याज होते. त्या दराने पाच वर्षांनी सुमारे साडेपस्तीस हजार रुपये हाती येतात. मूळ वॉरंटीची तीन वर्षे संपतात, तेव्हा १८,००० रुपये आणि त्यावरचे व्याज खात्यात जमा असते. या पैशाला अटींची पुस्तिका नसते. क्लच प्लेट गेली तरी तो चालतो, उंदराने वायर तोडली तरी चालतो, परतवाड्यातल्या आपल्या मेकॅनिकलाही तो देता येतो. आणि काहीच बिघडले नाही, तर तो आपलाच राहतो. अट एकच, तो दुसऱ्या कशासाठी मोडायचा नाही. ही शिस्त आपल्याला जमणार नाही असे प्रामाणिकपणे वाटत असेल, तर हमी घेतलेली बरी.

एक गोष्ट मात्र टाळावी, ती म्हणजे हमीचे पैसे कर्जात मिसळणे. पंधरा हजार रुपये सात वर्षांच्या कर्जात साडेनऊ टक्क्यांनी घातले, तर महिन्याचा हप्ता केवळ २४५ रुपयांनी वाढतो, म्हणून ते जाणवत नाहीत. पण सात वर्षांत त्यांचे साडेवीस हजार होतात. शिवाय सहा वर्षांची हमी संपल्यावरही वर्षभर तिचे हप्ते चालूच राहतात. घ्यायचीच तर रोख घ्यावी.

आणि ती गाडीच्या पूजेच्या दिवशीच घेतली पाहिजे असेही नाही. बहुतेक कंपन्यांत मूळ वॉरंटी संपण्याआधी ती घेता येते. उशीर केल्यास दर थोडा वाढतो. पण तोपर्यंत गाडी खोडकर निघाली की गुणी, आपले चालणे किती, गावात सर्व्हिस सेंटर आले की होते ते बंद झाले, हे सगळे आपल्याला कळलेले असते. या माहितीसाठी हजार-दोन हजार जास्त गेले तरी तो सौदा वाईट नाही. 'आजच घ्या, नंतर मिळणार नाही' असे कुणी म्हणाले, तर शेवटची तारीख आणि तेव्हाचा दर लेखी मागावा. तो मागितल्याबरोबर घाई बरीच कमी होते, असा माझा अनुभव आहे.

हमी घेतलीच, तर ती जपावी लागते. ठरलेल्या तारखेला किंवा किलोमीटरला सर्व्हिसिंग करून घेणे, प्रत्येक बिल एका पिशवीत ठेवणे, बिलावर किलोमीटरचा आकडा बरोबर लिहिला आहे ना हे पाहणे. हमी कोणाची आहे, मोटार कंपनीची, विमा कंपनीची की नुसती विक्रेत्याची, हेही कागदावर पाहावे. विक्रेत्याचे दुकान उद्या बंद झाले, तर हमी कुठे वापरायची? गाडी मध्येच विकली, तर हमी नव्या मालकाच्या नावावर होते का, हेही विचारावे. होत असेल तर जुन्या गाडीला भाव जरा बरा मिळतो.

बाहेरच्या मेकॅनिककडे एकदा गाडी नेली म्हणजे सगळी वॉरंटी रद्द, असे अनेकांना सांगितले जाते. याबद्दल एक महत्त्वाचा निकाल माहीत असावा. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी ६५ लाख रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळू न देण्याचा तो मामला होता. त्याच आदेशात आयोगाने म्हटले, की बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे नुकसान झाले असेल, तर तेवढ्यापुरती ती नाकारता येईल. या आदेशावर पुढे अपिले झाली आणि वाद न्यायालयांपर्यंत गेला. तेव्हा या निकालाच्या भरवशावर बेफिकीर राहू नये. पण पंक्चर काढले किंवा बल्ब बदलला म्हणून इंजिनाची हमी गेली असे कुणी म्हणाले, तर 'याचा त्याच्याशी संबंध काय, ते लेखी द्या' असे ठामपणे विचारावे.

दावा नाकारला गेला तर कारण नेहमी लेखी घ्यावे. आधी कंपनीच्या ग्राहक सेवेकडे तक्रार करावी, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर. तिथेही काम झाले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातली आपल्यासारख्यांच्या सोयीची गोष्ट अशी, की आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कंपनीचे मुख्य कार्यालय दिल्लीत असले तरी अचलपूरच्या माणसाला अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ५ ते १० लाखांपर्यंत असेल तर २०० रुपये. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. वकील लावलाच पाहिजे असे नाही. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा साधारणपणे लागू होत नाही, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः टॅक्सी चालवणारा माणूस यातही ग्राहकच समजला जातो.

एखाद्या भागात मुळातच दोष आढळला म्हणून कंपनीने गाड्या परत बोलावल्या, ज्याला रिकॉल म्हणतात, तर ती दुरुस्ती फुकट असते आणि तिला वाढीव वॉरंटीची गरज नसते. त्यासाठी आपला मोबाइल क्रमांक आणि पत्ता कंपनीकडे बरोबर नोंदवलेला असावा, विशेषतः गाडी जुनी घेतली असेल तर.

शेवटी, सही करण्यापूर्वी घरी बसून एका कागदावर पाच गोष्टी लिहाव्यात. आपली गाडी वर्षाला किती चालते? किलोमीटरची मर्यादा आधी संपेल की वर्षांची? जवळचे अधिकृत केंद्र किती दूर आहे? हमीत न बसणाऱ्या वस्तूंची यादी आपण वाचली आहे का? आणि उद्या पन्नास हजारांची दुरुस्ती निघाली, तर ते पैसे आपण कुठून आणू? पहिल्या चार प्रश्नांतून ही हमी आपल्याला किती उपयोगी आहे ते कळते. पाचव्यातून तिची आपल्याला किती गरज आहे ते कळते. दोन्ही उत्तरे 'पुष्कळ' अशी आली तर खुशाल घ्यावी. एक जरी 'थोडी' आली, तर ते पाचशे रुपये महिन्याला पोस्टात टाकावेत आणि गाडीचे ऑइल वेळेवर बदलावे.